मांडी घालून बोट चालवणारा गेणू

भिगवणला उजनी धरणाच्या काठाला उभं राहून कुणालाही विचारा, ह्या पाण्यावरची सगळ्यात मऊ बोट कुणाची, सगळे एकच नाव घेतात. गेणूची. आणि लगेच हसत हसत पुढचं सांगतात, की तो ती मांडी घालून चालवतो. नवीन माणसाला वाटतं, थापा मारतायत. मग थोड्या वेळानं पाण्यावरनं आवाज येतो आणि भर वाऱ्यात, लाटा फोडत, एक मिशाळ माणूस पंगतीला बसल्यासारखा मांडी घालून, पाठ ताठ, एक हात स्टेअरिंगवर आणि एक हात रेसच्या दांड्यावर, सुसाट येताना दिसतो. मागं बसलेली माणसं त्या वेगात निवांत गप्पा मारत असतात. कुणी आपटत नाही, कुणी कंबर धरत नाही.

हे काय हौसेनं झालेलं नाही. ह्याच्यामागं त्याची आई आहे.

गेणू मूळचा कळस गावचा. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, बापानं ती मोडून शेती धरली, आणि गेणूनं उजनीच्या काठाला थोडी जमीन घेऊन तिथंच वस्ती केली. पण त्याचं नाव झालं ते भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर, ऊस वाहायच्या ट्रॅक्टरवर. दोन ट्रॉल्या उसानं भरून ओल्या रानातनं बांधावर चढवायच्या म्हणजे खेळ नसतो. मागचं वजन ट्रॅक्टरला मागं ओढतं, पुढची चाकं जमीन सोडतात, आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या पायावर उभा राहतो. त्या क्षणाला डावा पाय क्लचवर पडला आणि हातानं रेस मागं घेतली तर माणूस वाचतो, नाहीतर ट्रॅक्टर उलटा अंगावर. गेणूचा पाय कधीच चुकला नाही. नाक उचललं रे उचललं की त्याचा पाय खाली गेलेलाच असायचा, डोक्याला कळायच्या आधी. नवीन ड्रायव्हरला म्हातारे सांगायचे, पाय बघायचा असंल तर गेणूचा बघ. त्याला त्याचा भारी अभिमान होता आणि तो असायलाच पाहिजे होता.

त्याची आई दगडाबाई. नावासारखीच टणक. ती गोठ्यात शेणावरनं घसरली आणि पाठीचा मणका दबला. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, ह्या वयात तो पहिल्यासारखा होणार नाही. पट्टा बांधायचा. थोडं चालायचं, थोडं बसायचं. पण एका वेळी तासाच्या वर बसायचं नाही, आणि दणका तर अजिबात नाही. एक दणका बसला आणि मणका सरकला तर उभं राहणं संपलं.

दगडाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आन् चैतात जत्रा हाय, तिचं काय?"

तिचं माहेर पाण्याच्या पलीकडं, करमाळ्याच्या बाजूला. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं आणि बिरोबासकट सगळे वर माळावर येऊन बसले. चैत्रात त्या बिरोबाची जत्रा भरते. त्या घराण्याची रीत अशी, की देवाला वर्षाचं नवं घोंगडं पांघरायचं ते घरातल्या थोरल्या लेकीनं. सुनेनं नाही, भावानं नाही. थोरली लेक, आणि तीही उभी राहून, स्वतःच्या पायावर. दगडाबाईनं लग्न झाल्यापासून एक जत्रा चुकवली नव्हती. तिचे वडील मेंढरं घेऊन लांब लांब जायचे, त्यांच्या माघारी देवाचं बघणारी हीच, त्यामुळं ते घोंगडं म्हणजे तिच्यासाठी बापाच्या अंगावर घातल्यासारखं होतं.

ती पडली त्या वर्षी लगेच जत्रा आली. गेणूनं जीप केली, गाद्या टाकल्या, आणि पुलावरनं वळसा घालून निघाला. रस्ता असा की पहिल्या दोन-चार खड्ड्यांतच तिनं पदर तोंडात कोंबला. तोंडातनं आवाज काढला नाही बाईनं, पण ओठ चावून पदराला रक्त दिसलं तेव्हा सारजानं, म्हणजे गेणूच्या बायकोनं, ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून गाडी वळवली. पलीकडं घोंगडं देवापुढं घडीच राहिलं. धाकटी बहीण प्रयागबाई तिथंच असते, पण तिनं हात लावला नाही. थोरली जिवंत असताना धाकटीनं हात लावायचा नसतो.

म्हणजे देव वर्षभर जुन्या घोंगड्यात. दगडाबाईच्या तोंडातनं दिवसातनं एकदा तरी निघायचं, "थंडीत काय केलं आसंल त्यानं."

"आये, पुढल्या वर्सी तुला झोपवून न्हेतो, गादीवर, पाण्यातनं," गेणू एकदा म्हणाला.

"आडवं हून माहेरी कुणी जात न्हाय गेण्या. मढं हाय का मी? बसून जाईन न्हायतर जाणार न्हाय."

आता पाण्यातनं जायचं तर आडवं अंतर नव्हे, पाण्याच्या लांबीनं जायचं. रामहरी तात्या म्हणून गेणूचे शेजारी आहेत, जन्म मासेमारीत गेला, बोटी दुरुस्त पण करतात. त्यांच्या बोटीनं सावकाश गेलं तर तासाच्या कितीतरी वर लागणार. भल्या पहाटे पाणी काचेसारखं असतं हे खरं, पण दगडाबाईला सकाळी उठवून, शेकून, पट्टा बांधून उभी करेपर्यंत ऊन वर येतं, आणि ऊन वर आलं की पश्चिमेचा वारा सुटतो आणि सगळं पाणी खवळतं. मग जोरात न्यायची बोट? त्यांनी नेऊन बघितली. आधी आईला नाही, दह्याला.

ही कल्पना सारजाची. रात्री मडक्यात दही लावलं आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याच्या वेळेला मडकं तात्यांच्या बोटीत फळीवर ठेवलं. तात्यांची बोट खालून सपाट, जशी तिकडच्या सगळ्यांची असते. उथळ पाण्यात ती छान, उभी असली की हलत नाही. पण जोरात पळवली की प्रत्येक लाटेवर तिचं बूड थाडकन आपटतं. दात वाजतात. परत आल्यावर सारजानं फडकं काढलं, आत पाणी वेगळं आणि गोळे वेगळे.

"तात्या, ह्ये दही हाय का ताक?" ती म्हणाली. "आत्याबाईंचा मणका ह्याच्याहून कच्चा हाय."

तात्या म्हणाले, "मला काय इचारतीस, लाटंला इचार."

तेव्हा गेणूला ती बोट आठवली. हायवेला राजवर्धनचं बंद पडलेलं हॉटेल आहे, त्याच्या मागं लिंबाखाली एक लांबडी, टोकदार बोट कित्येक वर्षं पडून होती. आत कोंबड्या अंडी घालायच्या. समुद्रात लांब लांब पळायला बनवलेली, जुन्या काळातल्या घडणीची, मुंबईच्या कुणा हौशी माणसानं वापरून सोडून दिलेली. राजवर्धननं ती गिऱ्हाईकांना फिरवायला आणली होती, पण उभी असली की ती अशी डुलायची की गिऱ्हाईकं ओकायची. त्यानं नाद सोडला होता.

गेणू तिच्याखाली पाठीवर झोपला आणि बराच वेळ वर आलाच नाही. बाकीच्या बोटी फक्त पुढं निमुळत्या असतात आणि मागं सपाट होत जातात. हिची धार पार शेवटपर्यंत खोल गेलेली. नांगराच्या फाळासारखी. त्याला लगेच समजलं. फळी मारली तर ढेकूळ फुटतं आणि हाताला हादरा बसतो, फाळ लावला तर माती दोन्ही बाजूला सरकते आणि बैलालाही कळत नाही. आणि बुडाला लांबीनं अंगठ्याएवढ्या जाड पट्ट्या होत्या, दोन्ही बाजूला. त्या कशाला, ते त्याला कळेना.

"न्हे बाबा," राजवर्धन म्हणाला. "त्या बदल्यात माझ्या बागंत शेणखताच्या चार खेपा टाक. आन् कोंबड्यांना सांगून न्हे."

उसाच्या ट्रॉलीवर चढवून बोट वस्तीवर आली तेव्हा रस्त्यावरची माणसं चहा खाली ठेवून बघत होती.

पावसाळाभर आणि हिवाळाभर गेणू आणि तात्या तिच्यावर राबले. मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, ती कुजून भुगा झाली होती. ती कापून काढली, नवी बसवली, वरनं फायबरचं कापड आणि रेझिन. त्या धुळीनं अंगाला अशी खाज सुटायची की गेणू जेवताना पण खाजवायचा. लेक स्वराली बारामतीला कॉलेजला, इंजिनिअरिंगला. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि बापानं फोन बोटीच्या खाली धरायचा. त्या पट्ट्यांचं कोडं तिनंच सोडवलं.

"पप्पा, त्या पट्ट्या पाण्याला खाली दाबतात, म्हणून बोट वर उचलली जाते. ती पाण्यातनं पळत नाही, पाण्यावरनं पळते. पण वर चढताना आधी नाक वर करणार. ते होणारच. तेव्हा रेस कमी नाही करायची, उलट द्यायची. मग नाक आपोआप खाली येतं."

"व्हय, कळलं," गेणू म्हणाला. आणि खरंच कळलं होतं त्याला. कळल्याचं सोंग करणारा माणूस नाही तो.

पण कळणं वेगळं. पहिल्या दिवशी बोट पाण्यात सोडली, अर्धं गाव काठावर, स्वराली फोनवर. गेणूनं रेस दिली. इंजिननं पाणी कापलं, बोट पुढं झेपावली, आणि तिचं नाक वर, वर, अजून वर. समोरचं पाणी दिसेनासं झालं, नुसतं आभाळ. आणि गेणूचा हात मागं आला. बोट धपकन खाली बसली, तिचीच मागची लाट मागनं चढून आत आली, आणि तो गुडघ्यापर्यंत भिजला. परत रेस. परत नाक वर. परत हात मागं. दिवसभर तेच.

काठावरनं आवाज आला, "गेणूभाऊ, ट्रॉली सुटली का बघा मागची."

आता ह्यावर ऊसवाल्यानं काय करावं? ट्रॅक्टरचं नाक उचलत असेल तर पुढं वजन टाकायचं, भवानीनगरच्या रस्त्यावर शेंबडं पोरगं पण सांगेल. गेणूनं खताच्या रिकाम्या गोण्या वाळूनं भरल्या आणि बोटीच्या नाकात रचल्या. स्वरालीला सांगितलंच नाही. तात्या शेजारी बसले. नाक खरंच उचललं नाही, गेणू खूश झाला, त्यानं रेस पूर्ण दिली, आणि मग मागनं एक मोठी लाट आली. धार पुढं पाण्यात खुपसली गेली, रुतलेल्या फाळासारखी. बोटीनं नाकावर उभं राहून अशी गिरकी घेतली की शेपूट पुढं आणि तात्या पाण्यात. चपला तरंगायला लागल्या. गेणूनं त्यांना ओढून आत घेतलं. तात्यांनी आधी मिशा पिळल्या, मग बोलले.

"गेणू, जन्म माझा ह्या पाण्यात गेलाय. पण आंगोळ मी माझ्या मनानं करतो."

त्या दिवशी गोण्या तर गेल्याच, पण गेणूची अब्रू पण गेली. चहाच्या टपरीवर बोटीला नवीन नाव पडलं, डुक्कर. नाक खुपसतं म्हणून. तो टपरीवरनं जायचा बंद झाला. बोट दाव्याला बांधून डुलत राहिली. आणि जत्रा तोंडावर आली.

दगडाबाईला दारातनं सगळं दिसायचं. एका दुपारी तिनं त्याला हाक मारली.

"माज्यापायी लोकं हसत्यात व्हय तुला?"

"हसू दे की."

"मग यंदाबी न्हाय." ती रागानं नाही म्हणाली, हिशोब मिटवल्यासारखी म्हणाली. "प्रयागीला सांगा, तिनं पांघरावं. मी मेले म्हून समज आन् पांघर."

गेणू उठून सरळ बोटीकडं गेला. सारजा हातातलं पीठ तसंच घेऊन त्याच्या मागं गेली आणि न विचारता बोटीत बसली.

त्यानं रेस दिली. नाक वर. हात मागं. धपकन खाली. सारजा त्याच्याकडं बघत होती, तोंडाकडं नाही, खाली.

"पुन्हा द्या," ती म्हणाली.

परत तेच.

"अवं, ह्यात क्लच कुठाय?"

"बोटीत कसला क्लच?"

"मग तुमचा डावा पाय काय दाबतोय?"

गेणूनं खाली बघितलं. बोटीच्या तळाला, डाव्या पायाखाली, नवा रंग झिजून पांढरं फायबर दिसत होतं. नाक उचललं की पाय आपटत होता, आणि पाय आपटला की हात मागं येत होता. दोन्ही एकाच दोरीला बांधलेले. इतक्या वर्षांत ज्या पायानं त्याला वाचवलं, ज्याचं नाव घेऊन म्हातारे पोरांना शिकवायचे, तोच पाय बोटीला पाण्यावर चढू देत नव्हता. त्यानं वाकून त्या पांढऱ्या ठिपक्यावरनं अंगठा फिरवला.

"ह्यो ऐकणार न्हाय माझं," तो म्हणाला.

"मग त्येला कामच नका ठिवू. मांडी घाला."

"काय?"

"मांडी घाला, जेवाय बसल्यागत. पाय अडकून पडला की हातबी गप बसंल."

गेणूनं काठाकडं एकदा बघितलं, टपरीवरनं कोण बघतंय का ते. होतेच चारपाच जण. मग सीटवर मांडी घातली आणि रेस दिली.

नाक उचललं. आभाळ आलं समोर. त्याच्या डाव्या मांडीतला स्नायू ताडकन उडाला, पण पाय दुसऱ्या पायाखाली अडकलेला, खाली जायला जागा नाही. हात जागेवर राहिला. इंजिन कण्हलं, बोट एक क्षण टेकाडाच्या माथ्यावर अडल्यासारखी अडली, आणि मग माथा ओलांडला. नाक हळूच, एखाद्या म्हशीनं मान टेकवावी तसं, खाली आलं. सगळा आवाजच बदलला. आपटणं गेलं, धडधड गेली. खाली पाणी नवं कापड फाडावं तसं फाटत होतं, दोन्ही बाजूला पंखासारखं उडत होतं, आणि लाटा येत होत्या त्या येत होत्याच, पण बोट त्यांच्यात शिरून पलीकडं निघत होती, दणका नाही, नुसतं उशीवर टेकल्यासारखं. गेणूनं मागं बघितलं. सारजाच्या हाताला अजून पीठ होतं, आणि ती कशाला धरून बसलेली नव्हती.

काठावरनं ओरडत होते, "हा बोट चालवतोय का जेवाय बसलाय?"

"वाढा म्हणावं," सारजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर वाऱ्यात दह्याचं मडकं जाऊन आलं. सारजानं चमचा उभा रोवून तात्यांना दाखवला. तात्यांनी दही खाऊन टाकलं, साखर न घालता.

जत्रेच्या दिवशी दगडाबाईला खुर्चीत बसवून काठापर्यंत आणली. नऊवारीवर नारंगी लाईफ जाकीट चढवलं.

"ह्ये कसलं चिलखत? लढाईला चाललोय का?"

"आये, घाल गप."

ती गेणूच्या डाव्या बाजूला बसली, मांडीवर नवं घोंगडं घट्ट धरून. मागं सारजा, दोन्ही हातांनी सासूची कंबर सांभाळत. तात्या काठावरच राहिले, म्हणाले, माझं वजन आता पुढंबी नको आन् मागंबी नको. गेणूनं मांडी घातली. नाक वर गेलं, खाली आलं, आणि बोट निघाली. वारा तोंडावर होता. दगडाबाई पहिल्यांदा डोळे मिटून बसली होती. मग एक डोळा उघडला. मग दोन्ही.

"निघाली का न्हाय आजून?" तिनं विचारलं.

"आये, निम्मं आलो."

तिनं खुर्चीत टेकावं तशी पाठ टेकवली, सैल झाली, हे गेणूला न बघता समजलं. खाली तिचं जुनं गाव होतं. तिनं पाण्याकडं बोट करून सारजाला सांगितलं, इथं विहीर होती, इथं वाडगं होतं मेंढरांचं.

आणि तेव्हाच समोर पाण्यावर पांढरे डबे दिसले. कुणीतरी जाळं टाकलेलं, लांबच्या लांब रांग, बरोबर आडवी. त्याच्यावरनं गेलं तर जाळं इंजिनच्या पात्यात. गेणूला रेस बंद करावी लागली. बोट पाण्यावरनं खाली उतरली, आणि आता तिची दुसरी बाजू दिसली, जिच्यामुळं राजवर्धननं ती टाकून दिली होती. धारदार बूड उभं राहिलं की त्याला टेकायला काय नसतं. लाटा बाजूनं यायला लागल्या आणि बोट डावीकडं, उजवीकडं, पाळण्यासारखी नाही, सुटलेल्या खाटेसारखी डुलायला लागली. दगडाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं घोंगडं सोडलं नाही, पण दुसऱ्या हातानं गेणूचा डावा दंड असा धरला की नखं रुतली. गेणूनं तिला खांद्याचा टेकू द्यायला मांडी मोडली, दोन्ही पाय खाली रोवले, आणि डब्यांच्या कडेकडेनं हळूहळू रांगेला वळसा घातला. प्रत्येक डुलकीला तिच्या तोंडातनं हुं हुं निघत होतं. वारा वाढत होता. रांग संपली तेव्हा पलीकडचा काठ दिसत होता, पण असंच रखडत गेलं असतं तर ती तिथं उभी राहायच्या लायकीची राहिली नसती.

वर चढायलाच पाहिजे होतं. आणि मांडी घालता येत नव्हती. दंडाला आई होती. तो हलला असता तर तिचा टेकू गेला असता.

त्यानं रेस दिली.

नाक उचललं. आधीच्यापेक्षा वर, कारण लाट पण खालनं आली. दगडाबाईला समोर नुसतं आभाळ दिसलं आणि तिनं विचारलं, "कुठं चाललाय रं, वर?" आणि गेणूचा डावा पाय आपटला. जोरात, सगळ्या ताकदीनं, भवानीनगरच्या रस्त्यावर आपटायचा तसा. बोटीच्या तळाला आवाज झाला. पण हात. हात तिथंच राहिला. दांडा पुढं, बोटं पांढरी, पण पुढं. पायाला वाटलं तो जिंकला, त्याला जिंकू दिलं. सारजानं मागनं ते बघितलं.

माथा ओलांडला. नाक खाली आलं. पाणी परत कापडासारखं फाटायला लागलं, आणि दंडावरची नखं एकेक करून सैल झाली.

पलीकडं काठावर गर्दी होती, हलगी वाजत होती. प्रयागबाई भाकरतुकडा घेऊन पाण्यात घोट्यापर्यंत उभी. लोकांनी खुर्ची पुढं केली. दगडाबाईनं ती हातानं बाजूला सारली, काठी मागितली, आणि सारजाच्या खांद्याला धरून खाली उतरली. प्रयागबाई तिच्यावरनं तुकडा ओवाळायला लागली तशी दगडाबाई म्हणाली, "थांब. आदी ह्येच्यावरनं."

"ह्येच्यावरनं? माहेरवाशीण तू."

"मी बसून आले गं. आणलं ह्येनं."

गुडघ्याएवढ्या पाण्यात बोट धरून उभ्या असलेल्या मिशाळ भाच्यावरनं प्रयागबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि गेणूला कुठं बघावं ते कळेना.

मंदिरात ती पायऱ्या चढून गेली. सावकाश, एकेक, पण गेली. घोंगड्याची घडी मोडली, दोन टोकं हातात धरली, पाठ सरळ केली, इतकी सरळ की पट्टा बांधल्यापासून कुणी बघितली नव्हती, आणि देवाच्या खांद्यावरनं घोंगडं टाकलं. भंडारा उधळला. सगळा माळ पिवळा झाला. कडेचं टोक एका बाजूला जास्त लोंबत होतं, ते तिनं परत जाऊन सारखं केलं.

खाली बसल्यावर प्रयागबाईनं तिचा हात धरला. "बये, लई दुखलं का गं येताना?"

दगडाबाईनं सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दुखायला येळच कुठं दिला माझ्या लेकानं. विहिरीपशी हुते तवर हितं."

गेणू खांबाला टेकून उभा होता. सगळ्यांनी वळून त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, बोटीचं दावं नीट बांधलंय का बघून येतो, आणि कुणाला तोंड न दाखवता पायऱ्या उतरून गेला.